कंसातला आवाज : श्रवणातील एक नैतिक प्रश्न

ध्वनी ऐकताना त्याचे कारण विसरावे काय, हा प्रश्न वरकरणी निव्वळ सौंदर्यशास्त्रीय वाटतो. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील नभोवाणी केंद्रांवर जे ध्वनिप्रयोग झाले, त्यांच्या संदर्भात तो पाहिला की त्याचे नैतिक अंग लपून राहत नाही.

५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच नभोवाणीवरून पिएर शेफेर या अभियंत्यांनी ‘गोंगाटांची मैफल’ ध्वनिक्षेपित केली. तीत आगगाड्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांतून घडविलेली एक रचना होती. तबकडीवरची खाच स्वतःशीच जोडून घेतली की ध्वनीचा एकच तुकडा पुनःपुन्हा वाजत राहतो. अशा पुनरावृत्तीत तो आवाज कशाचा आहे याचे भान ओसरते आणि त्याचा पोत, त्याची लय, त्याची घडण तेवढी जाणिवेत उरते. हुसर्ल यांच्या घटितशास्त्राचा आधार घेऊन शेफेर यांनी १९६६ मधील आपल्या ग्रंथात या अनुभवाची सैद्धान्तिक मांडणी केली. कारण कंसात ठेवून ध्वनीला एक स्वयंपूर्ण ‘ध्वनिवस्तू’ म्हणून ऐकणे, हा त्या मांडणीचा गाभा होय. पायथागोरसचे शिष्य पडद्याआडून गुरूचे प्रवचन ऐकत, अशी आख्यायिका आहे. नभोवाणी हा तसलाच पडदा आहे असे शेफेर यांना वाटे.

मराठी वाचकाला ही भूमिका सर्वस्वी अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आकाशवाणीत दीर्घकाळ सेवा केलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी संवेदनांच्या लयबद्ध रचनेत सौंदर्याचे मर्म पाहिले, आणि ती रचना लौकिक हेतूंपासून स्वायत्त मानली. तथापि मर्ढेकरांनी एक भेदही केला. संगीताचे माध्यम ध्वनी, तर साहित्याचे माध्यम शब्दांचा भावनात्मक अर्थ, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रश्न उपस्थित होतो तो येथेच. ध्वनिमुद्रित मानवी आवाज या भेदात कोठे बसवायचा? तो ध्वनी आहे, अर्थ आहे, आणि या दोहोंखेरीज तो कुणाचा तरी आहे.

१९६४ मध्ये बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर बॅरी बरमान्ज यांचा ‘द ड्रीम्स’ हा कार्यक्रम प्रसारित झाला. त्याची ध्वनिरचना डीलिया डार्बिशर यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये केली होती. सामान्य माणसांनी सांगितलेली स्वप्ने ध्वनिमुद्रित करून, फिती कापून, वाक्ये तोडून-जोडून, त्यांखाली इलेक्ट्रॉनिक ध्वनींचे संथ अस्तर देऊन ही रचना सिद्ध झाली. धावणे, कोसळणे, भूमी, समुद्र आणि रंग असे तिचे पाच भाग आहेत. कोसळण्याचे स्वप्न सांगणारा कंप पावणारा आवाज पुन्हा ऐकू येतो, दुसऱ्या आवाजात मिसळतो, आणि भीती एकाची न राहता सर्वांची होते. हा लाभ लहान नाही. सांगणाऱ्याचे नाव, गाव, चरित्र कळते, तर ऐकणाऱ्याने ती भीती त्याच्या खात्यावर टाकून स्वतःला मोकळे करून घेतले असते.

पण या लाभाची किंमत कोण देतो? आपला आवाज विसरला गेला म्हणून आगगाडीचे काही बिघडत नाही. माणसाची भीती जेव्हा निव्वळ पोत म्हणून ऐकली जाते, तेव्हा मात्र त्याच्यापासून काहीतरी हिरावले जाते. कलेच्या स्वायत्ततेचा युक्तिवाद ही उणीव भरून काढू शकत नाही. म्हणून मानवी आवाजाला कात्री लावूच नये, असा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल. मग कादंबरीकारालाही ऐकलेले बोलणे वापरता येणार नाही.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. कंसात ठेवणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे. कंस ही ज्ञानव्यापारातील तात्पुरती कृती असते. तो उघडता येतो, आणि उघडता येतो म्हणूनच घालता येतो. पुसण्यात परतीची वाट उरत नाही. स्वतः डार्बिशर यांच्या वाट्याला आलेला अनुभव हा भेद स्पष्ट करतो. १९६३ मध्ये रॉन ग्रेनर यांच्या स्वरलिपीवरून ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत त्यांनी फितीचे तुकडे जोडून घडविले. परंतु वर्कशॉपमधील व्यक्तींची नावे न देण्याचे संस्थेचे धोरण असल्याने श्रेय मिळाले ते ग्रेनर यांनाच. पडद्यावर डार्बिशर यांचे नाव आले २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. ऐकण्याची एक पद्धती म्हणून जे विस्मरण फलदायी ठरले, तेच संस्थेची रीत बनल्यावर अन्याय ठरले. श्रोत्याने घातलेला कंस संस्थेने कायमचा मिटवून टाकला होता.

संहितेच्या स्वायत्ततेचा आणि लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त पुरस्कारणाऱ्या समीक्षेनेही हा भेद ध्यानी घेतला पाहिजे. निर्मात्याला बाजूस सारून कृतीकडे पाहणे ही वाचनाची शिस्त आहे, आणि ती सोडण्याचे कारण नाही. मात्र ज्यांची नावे मुळात कधी नोंदलीच गेली नाहीत, त्यांच्या बाबतीत ही शिस्त आधीच झालेल्या अन्यायाला नकळत तात्त्विक मान्यता देते. कंस घालण्याचा अधिकार वाचकाला आहे, श्रोत्यालाही आहे. त्या कंसात कोण आहे हे ठाऊक करून घेण्याचे उत्तरदायित्व त्या अधिकाराबरोबरच येते.