कारण कळले म्हणजे क्षमा झाली का?

माझी भाची येत्या जुलैपासून विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसणार आहे. ही वार्ता कळल्यापासून आमच्या नातेवाईकांत कुजबूज सुरू झाली आहे. "बँकेची परीक्षा द्यायची सोडून ही चोर-खुन्यांच्या मागे कशाला लागली?" असे तिच्या आत्येने विचारले. मी तिची बाजू घेतली खरी. परंतु एके संध्याकाळी ती वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिने जो प्रश्न विचारला, त्याने माझ्याच पायाखालची वाळू सरकली.

"मामा, आजीची साखळी ओढणारा तो मुलगा तसा का वागला, हे तू कधी कुणाला विचारलंस का?"

ती घटना १९९७ सालच्या पावसाळ्यातली. पहाटेची मिस्सा आटोपून आई घरी परतत होती. आमच्याच वाडीतल्या एका तरुणाने तिच्या गळ्यातली साखळी ओढली. झटापटीत ती पडली, तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि पुढची चार वर्षे, अगदी मरेपर्यंत, ती अंथरुणाला खिळून राहिली. तो मुलगा लहानपणी आमच्याच देवळात वेदीसेवक होता. त्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली. त्याची आई मात्र आजही दर रविवारी मागच्या बाकावर बसते. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी तिच्याकडे तोंड वळवावे लागू नये म्हणून मी कित्येक वर्षे पुढचा बाक धरून बसत आलो आहे.

भाचीला मी फटकन म्हणालो, "कारणं शोधत बसलं की चोर सुटतो, बाळा!" तिने काही न बोलता वही मिटली. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझे ते वाक्य खरे असेल, तर तिचा सारा अभ्यास व्यर्थ होता. आणि ते खोटे असेल, तर माझी इतक्या वर्षांची अढी व्यर्थ होती.

म्हणून तिने तयारीसाठी आणलेली पुस्तके मीही चाळू लागलो. या शास्त्राची वाट इटलीतून सुरू होते. १७६४ साली चेझारे बेक्कारिया नावाच्या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने गुन्हे आणि शिक्षा यांवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. छळ करून कबुली घेणे अन्याय्य आहे, देहदंड निरुपयोगी आहे आणि शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची निश्चितीच गुन्ह्याला आळा घालते, असे त्याने मांडले. आपणा कॅथलिकांना प्रांजळपणे मान्य करावे लागेल की १७६६ साली हा ग्रंथ आपल्याच ख्रिस्तसभेच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. पुढे २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून देहदंड कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही, असे जाहीर केले. अडीचशे वर्षांनी का होईना, आपण त्या तरुणाच्या जवळ आलो. समजून घेण्याला वेळ लागतो, हा यातला पहिला धडा.

दुसरा धडा भयंकर आहे. १८७६ साली चेझारे लोंब्रोसो या वैद्याने कवट्या आणि चेहरेपट्ट्या मोजून 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना मांडली. आपल्या देशात तर त्याही आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मालाच गुन्हा ठरवले होते. पारधी, कैकाडी अशा जमातींतल्या माणसांना हजेरी द्यावी लागे. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाआड वसवले गेले. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पहिली नजर कोणाकडे वळते, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. कारण शोधण्याच्या नावाखाली माणसावर शिक्का मारता येतो, तो असा. उलट १९३९ साली अमेरिकेतील एडविन सदरलँड यांनी पांढरपेशा माणसांच्या गुन्ह्यांकडे बोट दाखवले आणि गुन्हा म्हणजे केवळ गरिबीचे अपत्य, हा समज मोडून काढला. खुर्चीत बसून, गळ्यात टाय बांधून केलेली चोरीही चोरीच, हे त्यांनी शास्त्राला सांगितले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या मुलाचा बाप दारूत गेला होता, त्याची नोकरी सुटली होती, उधारी मागायला माणसे दाराशी येत होती, हे सारे वाडीला ठाऊक होते. मलाही होते. पण त्याच वाडीत तशाच घरातली आणखीही मुले होती आणि त्यांनी कोणाची साखळी ओढली नाही. म्हणजे कारणे माणसाला ढकलतात, परंतु शेवटचे पाऊल तो स्वतःच टाकतो. घसरडी वाट दाखवून देणे म्हणजे घसरलेल्याला निर्दोष ठरवणे नव्हे. मात्र ती वाट तशीच ठेवून केवळ घसरणाऱ्याला दोष देत बसणे, हेही शहाणपण नव्हे.

आणखी खोल विचार केला तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. एखाद्याचे सारे कृत्य परिस्थितीनेच घडवले असते, तर त्याला क्षमा करण्याचा प्रश्नच उरला नसता. दरड कोसळून माणूस दगावला तर आपण दरडीला क्षमा करीत नाही. क्षमा दोषी माणसालाच करता येते. म्हणजे त्याला जबाबदार मानणे हीच क्षमेची पहिली पायरी आहे. कारण शोधणे हे शास्त्राचे काम, दोष ठरवणे हे न्यायालयाचे काम आणि क्षमा हे जखमी माणसाचे काम. ही तीन कामे वेगळी आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. मी मात्र क्षमा करावी लागेल या भयाने कारण ऐकायलाच नकार देत आलो होतो.

सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसप्रवासात हत्या झाली. मारेकरी समंदरसिंग तुरुंगात असताना, २००२ साली, त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी त्याच्या हाताला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि २००६ साली तो सुटला. त्याने खून केला नाही, असे त्या घराने कधीच म्हटले नाही. खून केला हे जाणूनच त्याला भाऊ म्हटले.

भाचीला मी आता चार गोष्टी सांगितल्या आहेत. वर्ग सुरू होण्याआधी सत्र न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बस. तेथे कोणालाही बसता येते. आकडेवारी वाचताना लक्षात ठेव की नोंदलेला गुन्हा म्हणजे घडलेला सारा गुन्हा नव्हे. २०२२ सालच्या सरकारी अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा दोष अजून सिद्धच झालेला नव्हता. तेव्हा 'कैदी' आणि 'गुन्हेगार' हे शब्द अदलाबदल करून वापरू नकोस. गुन्हेगाराची कहाणी ऐकताना जिच्या खुब्याचे हाड मोडले, तिलाही विसरू नकोस. आणि रोज रात्री विवेकतपासणी कर; दुसऱ्याच्या पापाचा अभ्यास करणाऱ्याला आपण स्वच्छ आहोत असे वाटू लागण्याचा धोका फार मोठा असतो. तुरुंगात असलेल्याची भेट घेणाऱ्याने आपलीच भेट घेतली, असे मानणारा प्रभू आपल्याला लाभला आहे.

इतके उपदेश केल्यावर स्वतः गप्प बसणे बरे दिसेना. गेल्या रविवारी मिस्सेनंतर मी देवळाच्या पायऱ्यांपाशी थांबलो. त्या बाई काठी टेकीत आल्या. मी विचारले, "बाय, मुलगा कसा आहे?" त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरा आहे. टेम्पो चालवतो. इतक्या वर्षांत देवळात कोणी विचारलं नव्हतं."

माझी क्षमा पुरी झाली असे मी म्हणणार नाही. आईचे कण्हणे अजून कानात आहे. पण तो तसा का वागला, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मी आता तयार आहे. भाचीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. माझा किती वर्षांचा, ते प्रभूच जाणे; तो सुरू मात्र झाला आहे.