घास कुणाच्या ताटातला?

जेवणाआधी गाईसाठी, कावळ्यासाठी घास काढून ठेवणे हा आपल्याकडचा गृहस्थधर्म. पंचमहायज्ञांत त्यालाच भूतयज्ञ म्हणतात. हा घास स्वतःच्या ताटातून काढायचा असतो. मग पाखरांसाठी रान राखणाऱ्या शेतकऱ्याने सरकारकडून पैसे घेतले, तर तो धर्म उरतो की धंदा होतो? अमेरिकेत हा प्रश्न व्यवहारात उतरला आहे. १९८५च्या कायद्यानुसार तिथे शेत पिकाऐवजी गवताखाली ठेवणाऱ्याला १० ते १५ वर्षांच्या कराराने दरवर्षी भाडे मिळते. १९८७ साली सुरू झालेल्या दुसऱ्या योजनेत केंद्रीय वन्यजीव खाते खासगी जमिनीवरचा अधिवास सुधारायला तज्ज्ञ देते, खर्चाचा वाटा उचलते. मालकी शेतकऱ्याचीच राहते.

अशा सरकारी मदतीवरचा आक्षेप हलका नाही. अमेरिकी वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात विस्कॉन्सिन राज्याचा दाखला दिला: सरकारी मदत थांबल्यावर शेतकऱ्यांनी मृदसंधारणाची तेवढीच कामे चालू ठेवली, ज्यांतून लगेच पैसा दिसत होता. पुढेही तेच दिसले. भाडेयोजनेत २००७ साली सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. धान्याचे भाव चढले, कायद्यानेही योजनेतल्या क्षेत्राची मर्यादा खाली आणली, आणि २०१६पर्यंत हा आकडा अडीच कोटींच्या आत आला. पैशाने राखलेले गवत जास्त पैशापुढे नांगरले गेले.

तरीही मदतच चुकीची, असे यातून सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या डाकोटाच्या माळावर हिमनदीने मागे ठेवलेली उथळ डबकी आहेत. शेतीसाठी चर खणून, जमिनीखाली नळ घालून त्यांतली बरीच कोरडी केली गेली. तो नळ फोडला, चराच्या तोंडाशी मातीचा बांध घातला, की पाणी पुन्हा साचते आणि काठच्या गवतात बदके अंडी घालतात. ही बदके कुणा एकाची नाहीत. पण बुडालेले पीक त्या एकाचेच असते. भूतयज्ञ घासाचा असतो, अख्ख्या ताटाचा नव्हे. सर्वांचे ऋण एकाच्या ताटातून फेडून घेणे हा अधर्म होय. म्हणून समाजाने खर्चाचा वाटा उचलणे ही शेतकऱ्याच्या पुण्याची किंमत नव्हे, ते समाजाचे स्वतःचे कर्तव्य आहे. मदतीने ओझे वाटून घ्यावे. सदसद्विवेक मात्र ती विकत घेऊ शकत नाही. शेतकऱ्याने आपला घास काढावाच. उरलेला आपण सर्वांनी काढायचा आहे.