घासणं आणि झाकणं



मागच्या महिन्यात आमच्या घरी एक छोटीशी गोष्ट घडली. गोष्ट गाडीची आहे, पण त्यातून मला पडलेला प्रश्न गाडीचा नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

मामंजींची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. ते गेल्यापासून सहा वर्षं ती बडोद्याच्या आमच्या घरामागे पत्र्याखाली उभी होती. मुलगा बाहेरगावी, चालवणारं कोणी नाही. शेवटी विकायचं ठरलं. जुन्या गाड्यांची हौस असलेला एक तरुण रविवारी बघायला येणार होता. हे म्हणाले, "बंपर, दिव्यांच्या रिंगा आणि पुढची जाळी तेवढी लखलखीत करून ठेव."

केंद्रातल्या समया घासायची सेवा मी बारा वर्षं करते आहे. म्हटलं, यात काय मोठं? चिंच आणि पावडर घेऊनच निघाले होते. आमच्या जुन्या मिस्त्रींनी अडवलं. म्हणाले, "बेन, हे पितळ नाही!"

पितळ आतून-बाहेरून पितळच असतं. घासाल तितकं उजळतं. क्रोमचा मात्र नुसता मुलामा. खाली लोखंड, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. नंतर वाचलं, तो थर साधारण अर्ध्या मायक्रॉनचा असतो. आपला केससुद्धा त्याच्या शंभरपट तरी जाड! खरखरीत पावडरीने जोर लावला की क्रोम जातं आणि निकेलचा पिवळसरपणा दिसायला लागतो. आणि गंज काही वरून येत नाही. बारीक छिद्रांतून पाणी लोखंडापर्यंत पोचतं आणि गंज आतून वर फुटतो.

मिस्त्रींनी सांगितलं तसं केलं. आधी साबणाच्या पाण्याने धूळ धुतली, कारण कोरडी पुसली तर ओरखडे पडतात. मग पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद चुरगळला, पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने फिरवला. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो पण चरा पडत नाही. शेवटी कोरडं पुसून मेणाचं पॉलिश. तीन दुपारी गेल्या, पण बंपरमध्ये माझा चेहरा दिसायला लागला.

मागच्या बंपरच्या खालच्या कडेला मात्र गंजाने खड्डे पडले होते. तिथे घासायला काही उरलंच नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी चंदेरी रंगाचा स्प्रे आणला आणि मारला. दोन पावलांवरून कळत नव्हतं.

रात्री झोप लागेना. ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, "अगं, क्रोम म्हणजे तरी काय? लोखंडावर घातलेलं पांघरूणच ना? मग तुझ्या रंगानेच काय पाप केलं?"

प्रश्न चोख होता. उत्तर सुचायला पहाट झाली. बंपर भरीव क्रोमचा आहे असं कोणीच समजत नाही. मुलामा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तो आपलं काम करतो, लोखंडाला जपतो. माझा रंग मात्र समोरच्याला माहीत नसेल तोवरच उपयोगाचा. त्याला कळलं की संपलं. जे समोरच्याच्या अज्ञानावरच उभं आहे, ते झाकणं. बाकी सगळं घासणं, नाहीतर जपणं.

सकाळी तो मुलगा आला. मी त्याला मागे नेलं आणि म्हटलं, "इथे खड्डे आहेत बाळा, मी काल रंग मारलाय." तो वाकला, नखाने खरवडून बघितलं. नव्याने क्रोम करायचं तर जुना थर उतरवून सगळं पहिल्यापासून करावं लागतं, हे त्याला माहीत होतं. त्याने आठ हजार कमी केले. हे दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. त्यांचंही चुकत नव्हतं. त्या पैशांत घराचा एक खर्च भागणार होता.

मी फार खरी आहे, असं सांगायला हे लिहीत नाही. स्प्रे मीच मारला होता ना! पण तेव्हापासून एक खोड लागली आहे. मनात राग असताना सुनेशी गोड बोलते, तेव्हा स्वतःला विचारते की हे क्रोम की स्प्रे? शब्द सांभाळते कारण नातं जपायचं आहे, आणि मी रागावले आहे हे तिलाही कळतं, तर तो मुलामा चालेल. पण तिच्यापुढे गोड आणि पाठीमागे फोनवर दुसरंच, तर तो स्प्रे. खाली गंज वाढतोच आहे.

पितळ होणं काही एका जन्मात जमेलसं वाटत नाही. तोवर निदान खड्डे कुठे आहेत, ते सांगता यावं.

तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल तर गटावर जरूर लिहा. वाचायला आवडेल.