हसणाऱ्याचे उत्तरदायित्व : काळ्या विनोदाचा एकपात्री प्रयोग आणि त्याचा प्रेक्षक

व्याख्यानांच्या वृत्तांतात 'हशा' हा शब्द कंसात छापण्याची रीत मराठी नियतकालिकांत जुनी आहे. त्या कंसातून हसू आले एवढे कळते; कोण हसले आणि कशाला हसले, हे कळत नाही. विनोद निरुपद्रवी असेल तर या अज्ञानाने काही बिघडत नाही. परंतु ज्या प्रयोगात एका व्यक्तीची दुःस्थिती हाच विनोदाचा विषय असतो आणि ती व्यक्ती रंगमंचावर एकटीच उभी असते, त्या प्रयोगात हसणे ही केवळ दाद राहत नाही. ती एक कृती होते आणि कृती म्हटली की तिच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाची दोन सरळ उत्तरे दिली जातात. कलाव्यवहार लौकिक व्यवहाराहून वेगळा असल्याने प्रेक्षागृहातील हसण्याला लौकिक नीतीचे मापदंड लावू नयेत, हे पहिले. दुःखाला हसणे म्हणजे दुःखिताला पुन्हा दुखावणे, मग ते कोठेही घडो, हे दुसरे. मराठी सौंदर्यविचाराला या दोन भूमिका परिचित आहेत. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद असे दोन ध्रुव कल्पून आपली सौंदर्यसंकल्पना या दोहोंच्या ताणात उभी असते, असे प्रतिपादन केले. काळ्या विनोदाच्या प्रेक्षकाला हा ताण सिद्धांत म्हणून भेटत नाही. तो त्याच्या घशात, हसू फुटण्याच्या आणि अडकण्याच्या दरम्यान भेटतो. म्हणून या प्रश्नाची तपासणी एखाद्या प्रत्यक्ष संहितेच्या आधारे करणे इष्ट ठरेल.

इटालियन अभिनेत्री फ्रांका रामे (१९२९–२०१३) आणि दारिओ फो (१९२६–२०१६) यांची 'तुत्ता काझा, लेत्तो ए क्येझा' ही स्त्रीविषयक एकपात्रिकांची मालिका १९७७ मध्ये मिलानमध्ये रंगमंचावर आली. शीर्षकाचा अर्थ साधारणपणे 'सगळे घर, बिछाना आणि चर्च' असा. तीतील 'ऊना दोन्ना सोला' म्हणजे 'एक एकटी बाई'. या बाईला नवऱ्याने घरात कोंडून ठेवले आहे. घरात सुबत्ता आहे, यंत्रे आहेत, खोल्याखोल्यांतून संगीत वाजते आहे. समोर नव्याने राहायला आलेली शेजारीण दिसताच ती तिच्याशी भडाभडा बोलू लागते. बोलता बोलता कळते की, सर्वांगाला प्लास्टर असलेला दीर आपल्या मोकळ्या राहिलेल्या एका हाताने तिच्याशी लगट करतो, फोनवरून कोणी अश्लील बोलतो, समोरच्या इमारतीतून कोणी दुर्बिणीने तिला न्याहाळतो, घेणेकरी दाराशी तगादा लावतो, मूल रडते, नवरा फोन करून पहारा ठेवतो, आणि ज्या तरुण प्रियकरामुळे हा कोंडवाडा वाट्याला आला तोही दाराशी येऊन हट्ट धरतो. हे सारे ती तक्रारीच्या सुरात सांगत नाही. आपले चांगले चालले आहे, अशीच तिची समजूत असते. प्रेक्षक हसतो तो या समजुतीतील आणि वस्तुस्थितीतील अंतराला.

हास्याचे मूळ अनौचित्यात असते, हे अभिनवगुप्ताचे विवेचन येथे उपयोगी पडते. मात्र ते स्वीकारले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : अनौचित्य कोणाचे? बाईच्या भाबडेपणाला अनुचित मानून हसणारा प्रेक्षक आणि तिला कोंडणाऱ्या व्यवस्थेला अनुचित मानून हसणारा प्रेक्षक एकाच वाक्याला, एकाच क्षणी हसतात. बर्गसाँने 'हास्य' (१९००) या ग्रंथात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. हसण्यासाठी अंतःकरणाला क्षणभर बधिरता यावी लागते. आणि जिवंत माणसात यंत्राचा ताठरपणा दिसला की समाज हसून त्याला शासन करतो. फोन, दार, मूल आणि दीर यांच्यामध्ये धावणारी ही बाई खरोखरच यंत्रवत वाटते. पण ही यांत्रिकता तिच्या स्वभावातील नव्हे, ती घराने तिच्यावर लादली आहे. मग या हास्याने शासन कोणाला होते? ते तिला होत असेल, तर प्रेक्षक नवऱ्याच्या पहाऱ्यात सामील झाला, असेच म्हणावे लागेल.

अनेकपात्री नाटकात या पेचातून निसटता येते. तेथे नवरा दिसतो, त्याचा राग येतो. सहानुभूती आणि उपहास निरनिराळ्या पात्रांत वाटून टाकता येतात. एकपात्री प्रयोगात ही सोय नसते. बाई जिच्याशी बोलते ती शेजारीण रंगमंचावर दिसत नाही, तिचे शब्द ऐकू येत नाहीत. तिची जागा रिकामी आहे आणि बाईचे तोंड जर प्रेक्षागृहाकडे असेल तर त्या रिकाम्या जागेत प्रेक्षकच बसलेला असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे : दुर्बीण लावून बसलेला पुरुषही समोरच्याच बाजूला आहे. म्हणजे प्रेक्षकाला देऊ केलेल्या जागा दोन आहेत, मैत्रिणीची आणि चोरून पाहणाऱ्याची. अंधारात बसून, स्वतः न दिसता, एका स्त्रीचे खाजगी जीवन पाहण्याची अवस्था दोघांनाही समान आहे. आपण कोणत्या जागी बसलो होतो, हे प्रेक्षकाच्या हसण्यावरून ठरते. पण ते कानांना ओळखता येत नाही.

हा या प्रयोगप्रकारातला खरा नैतिक पेच आहे. हसू सामूहिक असते, त्याचा अर्थ मात्र ज्याचा त्याचा असतो. नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केले आहेत. मूळ संदर्भाबाहेर जाऊन ही संज्ञा वापरायची, तर असे म्हणता येईल की, स्वतःचे घर आठवून हसणाऱ्या स्त्रीचे हास्य आत्मस्थ, आणि 'बायका अशाच' असे मनाशी म्हणून हसणाऱ्याचे परस्थ. पहिल्या हास्यात ओळख आहे, दुसऱ्यात तुच्छता. परंतु दोन्ही आवाज छतापर्यंत पोहोचेतो एक होतात आणि दुसऱ्याला पहिल्याचा आडोसा मिळतो.

फो आणि रामे यांची स्वतःची भूमिका हास्याला अनुकूल होती. हसताना माणसाचे तोंड उघडते, त्याबरोबर मेंदूही उघडतो आणि त्यात विवेकाचे खिळे शिरू शकतात, अशा आशयाची प्रतिमा ते वापरीत. रडून माणूस मोकळा होतो; हसणाऱ्याचा संताप आत शिल्लक राहतो, असा या भूमिकेचा मथितार्थ. तो बऱ्याच अंशी मान्य करता येतो. पण या एकपात्रिकेचा शेवट त्यालाही कसोटीला लावतो. बाई बंदूक स्वतःवर रोखते, शेजारणीमुळे थांबते, मग त्या चोरट्या पुरुषावर गोळी झाडते, दिराला चाकाच्या खुर्चीसह जिन्यावरून ढकलून देते आणि बंदूक घेऊन नवऱ्याची वाट पाहत बसते. प्रहसनाची गती येथेही सुटलेली नसते, त्यामुळे प्रेक्षक हसू शकतो. या क्षणी त्याचे हसणे न्यायाला संमती देते की हिंसेला? दिराची अगतिकता आणि त्याचा अत्याचार या दोहोंना एकाच हशाने निकालात काढता येते काय? आत उरलेला संताप विवेकाकडेच जाईल, याची हमी हास्य देऊ शकत नाही.

हास्याच्या मर्यादेची जाणीव रामेला नव्हती, असे मात्र नाही. १९७३ मध्ये मिलानमध्ये फॅसिस्टांनी तिचे अपहरण करून तिच्यावर बलात्कार केला. त्या अनुभवावरची 'लो स्तूप्रो' ही एकपात्रिका तिने पुढे रंगमंचावर सादर केली. तीत विनोदाला जागा नाही. एकाच अभिनेत्रीने एका बंदिवासासाठी हास्य निवडावे आणि दुसऱ्यासाठी ते नाकारावे, यातून हसू ही सर्व दुःखांवर लागू पडणारी युक्ती नाही, असा निष्कर्ष निघतो. जेथे पीडित व्यक्तीच्या हाती अजून भाषा आणि चलाखी शिल्लक आहे, तेथे हास्य तिच्या बाजूने उभे राहू शकते; जेथे तीही हिरावून घेतली आहे, तेथे प्रेक्षकाने गप्प राहणेच उचित.

याच प्रश्नाचे वेगळे रूप फीबी वॉलर-ब्रिज हिच्या 'फ्लीबॅग' (एडिंबरो, २०१३) या एकपात्री प्रयोगात आढळते. येथील नायिका भाबडी नाही. आपण विनोदी आहोत हे तिला ठाऊक आहे. प्रेक्षकाला हसवून ती त्याला आपल्या बाजूला ओढते आणि मग मैत्रिणीच्या मृत्यूमागे आपला विश्वासघात होता, हे उघड करते. हसून झालेले असते. हास्याचा विषय मागाहून बदलतो. प्रेक्षक म्हणू शकतो, की मला ठाऊक नव्हते. पण याच संहितेवरून २०१६ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली आणि २०१९ मध्ये लंडनमध्ये प्रयोग पुन्हा झाले, तेव्हा रहस्य ठाऊक असणारे अनेकजण प्रेक्षागृहात असणे स्वाभाविक होते. त्या प्रेक्षकाला अज्ञानाची सबब उरत नाही. तरीही तो हसतो आणि त्याचे हसणे अधिक निर्दय असेलच असे नाही. पुढे काय येणार हे जाणून हसणारा त्या स्त्रीच्या थट्टेखालची भीतीही ऐकत असतो. जाणिवेने हास्य मरत नाही, ते जड होते.

यावरून असे म्हणता येईल, की हसू फुटण्याच्या क्षणाला नैतिक निवाडा लावणे व्यर्थ आहे. तो क्षण पुष्कळसा अनैच्छिक असतो. निवाडा लावायचा तो हसण्यानंतरच्या वर्तनाला : आपण कशाला हसलो याचा जाब स्वतःला देता येतो काय, आणि तो देताना पुढच्या वाक्याला आपण निराळ्या तऱ्हेने हसतो काय. सहृदयता हा रसास्वादाचा पूर्वाधिकार मानला जातो. या प्रयोगांत ती आधी गृहीत धरता येत नाही, हसण्याची उलटतपासणी करता करता कमवावी लागते.

एकपात्री प्रयोगांची समृद्ध परंपरा असलेल्या मराठी रंगभूमीला हा प्रश्न परका नाही. 'बटाट्याची चाळ' हसवत हसवत अखेरच्या चिंतनात हसणाऱ्याला थांबवते, ते उगीच नाही. प्रश्न समीक्षेचा आहे. प्रयोगाचे मोल हशांच्या संख्येवर ठरवणारी समीक्षा त्या कंसातच अडकून पडते. हशात कोणाचा कोंडमारा झाकला गेला आणि कोणाचा उघड झाला, हे सांगणे तिचे काम आहे.