हौसेचे कष्ट

माणसाने आपण होऊन कष्ट पत्करावेत, यात काही पुण्य आहे का? प्रश्न जुना आहे. पण तो विचारायला दिवाळीसारखा दुसरा मुहूर्त नाही. कारण या दिवसांत घरोघरची बाई आपण होऊन कष्ट पत्करीत असते. चकली बाजारात मिळते, अनारसे मिळतात, उटणे तर पुडीतून मिळते. तरी ती रात्री अकरा वाजता सोऱ्या घेऊन बसते, आणि कोणी ‘कशाला एवढा खटाटोप?’ म्हटले तर तिला राग येतो. हा राग मला चांगला समजतो. तो न्याय्य आहे की नाही, हे मात्र इतके सहज सांगता येत नाही.

आमच्या घरी हा फराळाचा मामला बारा महिने चालतो. २०१६ साली आम्ही मुंबईचे बिऱ्हाड मोडले आणि मी, आमचे हे, दोन मुले आणि सासूबाई असे सगळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मूळ गावी येऊन राहिलो. दीड एकर जागा. त्यात वीस गुंठे भाताचे, बाकी नारळ, रातांब्याची झाडे, परसातली भाजी आणि दोन गाई. मी तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी करते. सकाळी धार काढायची, डबे भरायचे, धावतपळत एस. टी. गाठायची, आणि संध्याकाळी परत आले की पर्स खुंटीला अडकवून पुन्हा गोठ्यात जायचे. शहरातले नातेवाईक म्हणतात, ‘काय भाग्यवान तुम्ही!’ गावातले शेजारी म्हणतात, ‘पगार आहे ना बँकेचा? मग हे कशाला?’ पहिले वाक्य मी हसून घेते. दुसरे जास्त विचार करण्याजोगे आहे.

पण सर्वांत अवघड वाक्य सासूबाईंचे. मी एकदा पडवीत जाते मांडून भाजणी दळीत होते. त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, ज्यातून सुटावं म्हणून आम्ही पोरींना शाळेत घातलं, तेच तू शिकूनसवरून करतेस!’ त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. टोमण्याला उत्तर देता येते. त्यांच्या लहानपणी घरातल्या बायका पहाटे चारला उठून जात्यावर बसत. मग भाताचे कांडण, विहिरीचे पाणी, शेण, सारवण. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी त्यांच्या आईने गिरणीवाल्याच्या हातावर साखर ठेवली होती. सासूबाई ही गोष्ट सांगतात तेव्हा ‘गिरणी’ हा शब्द देवाच्या नावासारखा उच्चारतात. आणि त्यांच्या सुनेने जुन्या बाजारातून पैसे मोजून जाते आणले!

जात्याविषयी आपल्या मनात एक गोड चित्र असते. पहाटेची वेळ, समईचा उजेड, ओवी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांतल्या जेवढ्या माझ्या वाचण्यात आल्या, त्यांत दळण्याचे कौतुक करणारी बाई मला जवळजवळ भेटली नाही. भेटल्या त्या दळता दळता दुसऱ्याच कशाचे तरी कौतुक करणाऱ्या: भावाचे, लेकीचे, पंढरीच्या वाटेचे. दळणे जड होते म्हणून तर गाणे लागले. आणि आपण आज ते गाणे ऐकतो आणि म्हणतो, किती सुरेख होते ते दळणे!

मी रविवारी तासभर दळते. खांदा भरून आला की उठते आणि उरलेले धान्य गिरणीत पाठवते. जाते तेच, दगड तोच, घाम येतो तोही सारखाच. फरक एवढाच, की मला उठता येते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. मला वाटते, सगळा प्रश्न याच एका फरकात आहे.

साध्या राहणीचा पुरस्कार करणाऱ्यांची पुस्तके मी आवडीने वाचते. थोरो १८४५ च्या जुलैत वॉल्डनच्या तळ्याकाठी जाऊन राहिला. जागा मित्राची, इमर्सनची. झोपडी स्वतः बांधलेली, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. घेवड्याच्या शेतीत पहिल्या वर्षी नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अर्ध्या सेंटाचा हिशेब ठेवणारा तत्त्वज्ञ मला बँकेतली बाई म्हणून विशेष जवळचा वाटतो. अमेरिकेतलेच स्कॉट आणि हेलन निअरिंग हे जोडपे १९३२ साली न्यूयॉर्क सोडून व्हरमाँटच्या डोंगरात गेले आणि १९५४ साली त्यांनी त्या जीवनावर पुस्तक लिहिले. दिवसाचे चार तास भाकरीपुरत्या श्रमाचे, चार तास वाचन-लेखन-संगीताचे, अशी त्यांची आखणी. वाचताना मन प्रसन्न होते. मग लक्षात येते, की या दोन्ही पुस्तकांतल्या घरात रात्री तापाने फणफणलेले पोर नाही. मुलेबाळे असलेल्या बाईला तास असे कापून मिळत नाहीत. तिचे तास अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांसारखे असतात. आभाळ भरून आले, की जसे असतील तसे गोळा करून आत न्यायचे.

गांधीजींची गोष्ट तर आपल्या घरचीच. १९०४ साली रेल्वेच्या प्रवासात रस्किनचे पुस्तक वाचून त्यांनी दरबानजवळ फिनिक्सची वसाहत काढली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या काही वर्षे आधीची, १८९८ च्या सुमाराची, दरबानच्या घरातली एक हकीकत त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितली आहे. घरात राहणाऱ्या कारकुनांच्या लघवीची भांडी नवराबायकोने साफ करायची, असा नियम. एका कारकुनाचे भांडे उचलताना कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आले. गांधीजींना नुसते काम नको होते. ते हसतमुखाने व्हायला हवे होते. शब्दाने शब्द वाढला आणि त्यांनी पत्नीचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेले. त्या नियमामागचे तत्त्व थोर होते. कस्तुरबांच्या मनातला विटाळ आज कोणी उचलून धरणार नाही. तरीही वाचताना माझे मन त्यांच्याकडेच जाते. निश्चय एकाचा आणि हात दुसऱ्याचे, ही साध्या राहणीतली जुनी खोट आहे. आणि हात बहुधा बाईचे असतात. २०१९ साली सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असे त्यात आढळले. घरचे दूध, घरचे तांदूळ, घरचा साबण असे एकेक व्रत घराने घेतले, की ती वाढीव मिनिटे कोणाच्या खात्यात जाणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

आमच्याकडे हा बेत माझाच होता; तेव्हा गाऱ्हाणे करायला मला जागा नाही. ह्यांना धार काढता येईना, कारण कपिलेला पुरुषाचा हात चालत नसे. दीड महिना रोज तिच्याशी गप्पा मारून ह्यांनी तिची समजूत घातली. आता सकाळची धार माझी, संध्याकाळची बहुतेक ह्यांची. शेण, सारवण आणि गोबरगॅसची टाकी त्यांच्याकडे. टाकीला एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे पंचवीस किलो शेण लागते. आमच्या दोन गाई मिळून वीसाच्या आसपास देतात. म्हणून दोन वेळचा चहा, डाळभात आणि पेज शेणावर, बाकी सिलिंडरवर. स्वावलंबनाची आमची पोच एवढीच.

भाताचा हिशेब तर मी कोणाला सांगत नाही, इथे सांगते. बरे वर्ष असले तर वीस गुंठ्यांत पाचशे किलो भात होते, भरडून सव्वातीनशे किलो तांदूळ. नांगरणी, लावणी, कापणी, झोडणी यांची मजुरी आणि खत धरले, तर बाजारचा तांदूळ आम्हांला स्वस्त पडला असता. मजुरीत एक गोष्ट आम्ही पहिल्यापासून केली. बाई आणि पुरुष यांना दर सारखा. त्यावरून गावात कुरबूर झाली आणि अजून होते. तेव्हा आमचा हा ‘घरचा तांदूळ’ खरे पाहता माझ्या पगारावर पिकतो. पगार नसता तर ही हौस राहिली नसती. तिचे नाव दुसरे काही पडले असते. मीठ, लोखंड, काडेपेटी, औषध, एस. टी. या सगळ्यांसाठी आम्ही जगाचे ऋणी. आपण स्वयंपूर्ण आहोत असे ज्याला वाटते, त्याने घरात फक्त मीठ संपल्याचा दिवस आठवावा.

मग हे करायचे तरी कशासाठी? मला विचाराल तर आमसुलांसाठी. मे महिन्यात रातांबे पिकतात. ते फोडायचे, गर-बिया काढायच्या, सालींना मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रसाचे पुट, पुन्हा ऊन. चार-पाच पुटे बसली की साल काळसर, मऊ, चकचकीत होते. हात आठवडाभर लाल राहतात. बँकेत नोटा मोजताना गिऱ्हाईक हळूच विचारते, ‘बाई, काय लागलं का?’ आणि हे सगळे पावसाच्या आत. आकाशाकडे असे बघायला मला मुंबईत कोणी शिकवले नव्हते. तिथे पाऊस म्हणजे लोकल बंद. इथे तो घरात शिरणारा, आपल्याशी देणेघेणे असलेला कोणी आहे. वर्षभर आमटीत पडणाऱ्या त्या चार आमसुलांना मी ओळखते. या ओळखीची किंमत रुपयांत निघत नाही. ती कष्टांमुळे वाढते असेही मी म्हणणार नाही. पण हात लाल झाल्याशिवाय ती होत नाही, एवढे खरे.

आमच्याकडे लावणीला येणाऱ्या एक काकी आहेत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. स्वतःची तीन गुंठे जमीन, बाकी दुसऱ्यांच्या बांधावर. त्यांनी बचत गटाचे कर्ज काढून मिक्सर घेतला, त्या आठवड्यात आपला पाटा-वरवंटा डोक्यावर घेऊन आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, ‘वहिनी, तुम्हाला हौस आहे ना? घ्या. माझी कंबर सुटली त्याच्यातून.’ मी पैसे देऊ लागले तर घेईनात. तो पाटा माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यावर वाटलेली चटणी चवीला खरोखरच वेगळी लागते. कधी कधी मनात येते, एकीच्या पायातली बेडी दुसरीने दागिना म्हणून घातली, असे तर हे नव्हे? मला वाटते, तसे नाही. काकींच्या हातून पाटा सुटला याचा मला जेवढा आनंद आहे, तेवढाच तो माझ्या हाती आल्याचा आहे, आणि या दोन आनंदांत विरोध नाही. विरोध येईल तो मी काकींना मिक्सरचे तोटे सांगू लागले तर. शहरातून येणारे आमचे काही पाहुणे असे सांगतात. काकी शांतपणे ऐकून घेतात आणि घरी जाऊन मिक्सर लावतात.

म्हणजे कष्टांत जात्याच पुण्य नाही. ज्याला ते खाली ठेवता येतात, त्याने ते उचलावेत. मात्र खाली ठेवण्याची मुभा घरातल्या प्रत्येकाला असावी. असा नियम मी मनाशी केला आहे आणि तो बहुतेक वेळा चालतोही. पाटा खाली ठेवता येतो. भाजीचे वाफे एक वर्ष पडीक राहू शकतात. गाय मात्र खाली ठेवता येत नाही. तिची धार दोन वेळा काढावीच लागते, दिवाळी असो की दुखणे असो. माझा भाऊ नाशिकला असतो. गेल्या पाच वर्षांत भाऊबीजेला आम्ही चौघे मिळून त्याच्याकडे गेलेलो नाही. मी जाते तेव्हा हे मागे राहतात, नाहीतर भाऊच येतो आणि त्याची बायको तिच्या भावाकडे एकटी जाते. एका गाईची दोरी किती घरांना बांधलेली असते!

आणि मुले? त्यांनी कुठे हे उचलले आहे? धाकट्याला गोठा म्हणजे स्वर्ग. वासराला बिलगून तो अभ्यास करतो, निदान तसे सांगतो. लेक चौदा वर्षांची आहे. इथल्या शाळेत तिच्या मैत्रिणी घरी गेल्यावर शेण काढतात ते काढावे लागते म्हणून, आणि तिला काढावे लागते ते आईला हौस आहे म्हणून. हा फरक तिने मला स्वच्छ शब्दांत ऐकवला. माझ्याजवळ उत्तर होते: मुलांना व्याकरणही न विचारता शिकवतो, पोहायलाही न विचारता लावतो, हाताला काम ठाऊक असले तर पुढे ते नाकारतानाही समजून नाकारता येते. उत्तर वाईट नाही. पण सासूबाईंच्या आईनेही तिच्या लेकीला जवळपास हेच सांगितले असणार.

गेल्या मे महिन्यात लेकीने आपली अट घातली. गोठा ती करणार नाही. आमसुले करील, पण मजुरी घेऊन. आमचे हे हसू लागले. म्हणाले, ‘घरच्या कामाची कसली मजुरी?’ सासूबाई ताडकन म्हणाल्या, ‘देऊन तर बघ! आम्हाला कोणी विचारलं नाही म्हणून काय झालं?’ मग दर किती, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी मी काकींना विचारून आले आणि त्यांनी सांगितला तोच दर लेकीला दिला, सुट्ट्यांच्या दिवसांत, रोजच्या रोज. तिने वहीत लिहून ठेवला. या दिवाळीला नव्या भाताचे पोहे कांडायचे आहेत. घरी कांडायचे की गिरणीतून आणायचे, हे अजून ठरलेले नाही; ती वही घेऊन बसली आहे आणि आधी दर ठरवू म्हणते.