पस्तिसाव्या किलोमीटरवर कोण उभे आहे?



जानेवारी महिन्याचा तिसरा रविवार आता मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीचा झाला आहे. १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मुंबई मॅरेथॉन झाली. कोविडमुळे २०२१ आणि २०२२ साली ती होऊ शकली नाही. ती दोन वर्षे सोडली, तर ही शर्यत आपल्या शहराचा एक सणच होऊन बसली आहे. आपल्या वर्सोव्याहूनही धावणारे जातात. काहीजण शनिवारी संध्याकाळीच मिस्साला हजर राहून, लवकर जेवून झोपतात आणि रात्र सरायच्या आत अंधेरी स्टेशन गाठतात. कोणी पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावतो, कोणी अर्धी मॅरेथॉन, तर कोणी मित्रांच्या घोळक्यात ‘ड्रीम रन’. ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग बंधू-भगिनी यांच्यासाठीही त्या दिवशी वेगळ्या शर्यती असतात.

संत पौलाला धावण्याची उपमा फार प्रिय होती. करिंथ शहराजवळ इस्थमियन खेळांचा मोठा मेळा भरत असे. विजेत्याला पानांचा मुकुट मिळे आणि तो काही दिवसांत सुकून जाई. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल याच मुकुटाची आठवण देऊन न सुकणाऱ्या मुकुटासाठी धावायला सांगतो. धावणाऱ्यांविषयी आपण अशी प्रवचने पुष्कळ ऐकली आहेत. आज आपण आपले लक्ष रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे वळवू या.

ही माणसे कोण असतात? कोणाची पत्नी, कोणाचे वडील, कोणाच्या ऑफिसातले मित्र. हातात पुठ्ठ्याचा फलक, गळ्यात पाण्याची बाटली, कडेवर अर्धवट झोपेतले मूल. आपला माणूस नक्की किती वाजता येईल हे ठाऊक नसते, म्हणून ती आधीच येऊन उभी राहतात. आणि त्यांच्याबरोबर कितीतरी अशी माणसे असतात, ज्यांच्या घरचे त्या शर्यतीत कोणीच नसते. इमारतीतली कुटुंबे खाली उतरतात, संत्र्याच्या फोडी, केळी, चिक्की, मीठ, पाणी घेऊन फुटपाथवर थांबतात. वांद्रे ओलांडून धावपटू माहीमला सेंट मायकल चर्चजवळून पुढे जातात, तिथेही अनोळखी हात पुढे येतात. धावपटूच्या छातीवर क्रमांकाबरोबर त्याचे नाव छापलेले असते. ते वाचून अनोळखी माणूस त्याला नावाने हाक मारतो आणि त्या एका हाकेने थकलेला माणूस मान वर करतो. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो असे योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. कबरेपाशी रडणाऱ्या मरिया मग्दालियालाही प्रभूची ओळख पटली, ती तिचे नाव त्याच्या तोंडून ऐकल्यावरच.

भिंत कुठे लागते?

मॅरेथॉन धावणारे एका ‘भिंती’विषयी बोलतात. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत पुरते. ती संपत आली की पाय शिशाचे होतात, डोके चालेनासे होते आणि थांबून जावे असे मन सांगू लागते. मुंबईच्या मार्गात वेळोवेळी बदल झाले, पण जुन्या धावपटूंना विचारा, ते पेडर रोडच्या चढाचे नाव घेतील. परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटर संपल्यावर, डोक्यावर ऊन आलेले असताना तो चढ समोर उभा राही. आरंभरेषेवर बँड असतो, पाहुणे असतात, छायाचित्रकार असतात. शेवटच्या रेषेवर पदक असते. खरी गरज मात्र या चढावर असते.

आता आपल्या धर्मग्रामाकडे पाहू या. मुलाच्या बाप्तिस्म्याला आपण सगळे जमतो. लग्न असले की उंबराचे पाणी आणायला सारी आळी वाजतगाजत निघते. हे आरंभरेषेवरचे टाळ्यांचे क्षण आहेत आणि ते सुंदर आहेत. कोणी गेले तर मैताला गाव लोटतो, सातव्या दिवसाच्या आणि महिन्याच्या मिस्साला बाके भरतात. ही शेवटची रेषा. तिथेही आपण असतो आणि असलेच पाहिजे.

पण मधल्या रस्त्याचे काय? आईची स्मृती गेली आहे आणि मुलगी गेली सहा वर्षे तिला रोज भरवते आहे. पहिल्या वर्षी शेजारी विचारपूस करायला आले. सहाव्या वर्षी कोण येते? दारू सोडून कोणाला चार महिने झाले आहेत, आणि प्रत्येक संध्याकाळ त्याला डोंगरासारखी वाटते आहे. कोणाची होडी कर्जात आहे आणि मासळी पूर्वीसारखी लागत नाही. कोणा जोडप्याच्या लग्नाला अकरा वर्षे झाली आणि पाळणा हललेला नाही. कोणाची मुले परदेशी आहेत, फोन रविवारी येतो आणि बाकीचे सहा दिवस घड्याळाची टिकटिक. ही सगळी माणसे पस्तिसाव्या किलोमीटरवर आहेत. त्यांनी शर्यत सोडलेली नाही, म्हणूनच आपल्याला वाटते की त्यांचे ठीक चालले आहे.

एलियाची भाकर

पवित्र शास्त्रात ही भिंत एका मोठ्या माणसाला लागलेली आपण पाहतो. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याआधीच्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याचा केवढा विजय झाला होता! साऱ्या लोकांसमोर स्वर्गातून अग्नी उतरला होता. आणि आता राणी ईजबेलच्या एका धमकीनंतर तोच माणूस म्हणतो की पुरे झाले. श्रद्धा नसलेल्यालाच निराशा येते असे मानणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

देवाने पाठवलेला दूत त्याच्याशी कसा वागला हे पाहण्यासारखे आहे. त्याने एलियाला दोष दिला नाही. कर्मेलची आठवण करून देऊन त्याला लाजवले नाही. त्याने त्याला हाताने स्पर्श केला, तापलेल्या दगडांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले. एलियाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिले. मग तो दुसऱ्यांदा आला, पुन्हा उठवले, पुन्हा खायला घातले, कारण पुढची वाट लांब होती. त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालत होरेब डोंगराला पोहोचला. चालला मात्र तो स्वतःच.

‘दुसऱ्यांदा आला’ हे शब्द आपण मनात ठेवू या. एकदा भेटून येणे पुष्कळांना जमते. दुसऱ्यांदा जाणे ही खरी सोबत. आपण मिस्साबलिदानात जी भाकर स्वीकारतो, तीही याच वाटेसाठी आहे. मरणासन्न माणसाला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तशरीराला ख्रिस्तसभा प्राचीन काळापासून वाटेची शिदोरी म्हणत आली आहे. ज्याला दर रविवारी शिदोरी मिळते, त्याने ती वाटेवरच्या दुसऱ्यापर्यंत नेऊ नये असे कसे होईल?

उभे राहावे कसे?

मदत करण्याचीही एक रीत असते. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये दोरांदो पिएत्री हा इटालियन धावपटू सर्वांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला. पण त्याचे भान हरपले होते. तो उलट्या दिशेला वळला, वारंवार कोसळला. कळवळून अधिकाऱ्यांनी त्याला उठवले, आधार दिला आणि तो शेवटची रेषा ओलांडून गेला. त्यानंतर तो बाद ठरला, कारण त्याची शर्यत त्याने एकट्याने पुरी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला चषक देऊन गौरवले, पण सुवर्णपदक दुसऱ्याकडे गेले. त्या माणसांचे मन चांगले होते. तरी आईवडिलांनो, ही गोष्ट विसरू नका. मुलाचा अभ्यास, मुलाचे निर्णय, मुलाची प्रार्थना आपल्याला त्याच्या वतीने करता येत नाही. देवसुद्धा माणसाची मोकळीक काढून घेत नाही. तो कृपा देतो, पाऊल आपणच टाकायचे असते.

दुसरी घटना २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिकमधली. ब्राझीलचा वांदेरलेई दे लिमा मॅरेथॉनमध्ये सर्वांच्या पुढे होता. साधारण पस्तीस किलोमीटर झाले असतील. अचानक कडेच्या गर्दीतून एक माणूस धावत आला आणि त्याने दे लिमाला ढकलून गर्दीत नेले. त्याच गर्दीतला एक ग्रीक प्रेक्षक धावून आला, त्याने धावपटूला सोडवले आणि पुन्हा रस्त्यावर आणले. दे लिमा तिसरा आला आणि हसत, हात पसरून त्याने शेवटची रेषा ओलांडली. ज्याने त्याला अडवले, तो एकेकाळी धर्मगुरू होता. आम्हां धर्मगुरूंना हे लक्षात ठेवणे भाग आहे. झगा अंगावर चढला म्हणजे माणूस आपोआप आधार होतो असे नाही.

एकाच फुटपाथवर अडवणारा असतो आणि सोडवणाराही असतो. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण काय बोलतो, यावरही हे ठरते. ‘अजून लग्न नाही?’, ‘मूलबाळ?’, ‘नोकरी गेली म्हणे!’ हे प्रश्न विचारणाऱ्याला किरकोळ वाटतात. धावणाऱ्याला ते छातीवर बसलेल्या धक्क्यासारखे लागतात. खोटा धीरही असाच. दहा किलोमीटर उरलेले असताना ‘आता थोडेच राहिले’ असे कोणी ओरडले तर धावपटूला बरे वाटत नाही, कारण अंतर त्याला ठाऊक असते. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत ते मित्र होते. त्यांनी समजावायला सुरुवात केली आणि सगळे बिघडले.

गाब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ होऊन गेले. माणूस शेजारी बसलेला असूनही आपल्याजवळ नसतो आणि दुसरा कोणी नुसत्या नजरेने आपल्याजवळ येतो, हा फरक त्यांनी फार बारकाईने पाहिला. दुसऱ्यासाठी मनाने मोकळे असणे, स्वतःच्या कामांनी आणि काळज्यांनी गच्च भरलेले नसणे, याला त्यांनी फार मोलाचे मानले. ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेर, आपल्या कोळीवाड्यात आणि यारी रोडच्या इमारतींतही तितकीच खरी आहे. रोग्याच्या खोलीत बसून मोबाइल पाहणारा तिथे नसतो. दहा मिनिटेच बसणारा, पण पूर्ण बसणारा, तिथे असतो.

साक्षीदारांचा मेघ

इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात लेखक म्हणतो की साक्षीदारांचा मोठा मेघ आपल्याभोवती आहे, म्हणून आपण येशूवर दृष्टी ठेवून धीराने धावावे. हे साक्षीदार तिऱ्हाईत प्रेक्षक नाहीत. त्यांनी हीच वाट तुडवली आहे. धावपटूने शर्यत पुरी करावी, गळ्यात पदक असताना मागे येऊन कडेला थांबावे आणि मागून येणाऱ्यांना हाका माराव्यात, तसे आपले संत आहेत.

त्यांपैकी एक आपल्या शेजारचा, वसईचा. संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. त्याआधी कैद्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत जानेवारीच्या थंडीत, जवळजवळ महिनाभर, वाटेतल्या गावांतून नेण्यात आले. निघाले तेव्हा ते चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करण्यासाठी दोन ख्रिस्ती माणसे बरोबर चालू लागली, पेत्र सुकेजिरो आणि फ्रान्सिस नावाचा एक सुतार. ती दोघेही पकडली गेली. नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने सव्वीस जणांना संत म्हणून घोषित केले. कडेला उभे राहून पाणी देणाऱ्यांना प्रभूने धावणाऱ्यांतच मोजले.

आपल्याकडे इतके मोठे मागणे नाही. येत्या आठवड्यात आपण एवढे करू या. प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या रोजारीनंतर एक नाव ठरवावे, पस्तिसाव्या किलोमीटरवर असलेल्या एका माणसाचे. त्याच्या घरी जावे. जाताना सल्ला नेऊ नये, काहीतरी खायचे न्यावे. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला दोन तास बाहेर जाऊ द्यावे आणि तितका वेळ आपण तिथे बसावे. आणि पंधरा दिवसांनी, एलियाच्या दूताप्रमाणे, दुसऱ्यांदा जावे. ज्यांना घरी ख्रिस्तशरीर हवे आहे अशांची नावे चर्चच्या कार्यालयात कळवावीत, आम्ही येऊ.

आणि आज जे स्वतःच त्या चढावर आहेत, त्यांना आम्ही इतकेच सांगू इच्छितो. तुम्ही सावकाश चालत असाल तरी शर्यतीतच आहात. पहिला धावपटू दोन तासांच्या थोडे पुढे पोहोचतो, शेवटच्याला सहा-सात तास लागतात आणि रस्ता दोघांनाही तेवढाच पार करावा लागतो. क्रूसाच्या वाटेवर प्रभू स्वतः तीनदा पडला, असे आपण दर तपःकाळात ध्यान करतो. कुरेनेकर शिमोनाचा खांदा त्यालाही लागला, आणि त्याने तो नाकारला नाही. तुम्हीही कोणी दार वाजवले तर उघडा.

आरोग्यमाता पवित्र मरिया, जी आपल्या पुत्राच्या वाटेवर शेवटपर्यंत उभी राहिली, ती आपणा सर्वांसाठी विनंती करो.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपले धर्मगुरू