तळहाताखाली

पाठीवर झोपा. गुडघे वाकवून पावलं जमिनीला टेकवा, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतील. जेवून दोनेक तास झालेले असू द्या. तळवे एकमेकांवर घासून ऊब आणा आणि एक हात बेंबीवर ठेवा. दाबू नका. हाताचं स्वतःचं जेवढं वजन आहे, तेवढंच पोटाला मिळू दे.

हे मनन हातांनी उपचार करणाऱ्यांना मनात धरून लिहिलं आहे. त्यात फिजिओथेरपिस्ट आले, ऑस्टिओपॅथ आले, बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बायकाही आल्या. पण पोट सगळ्यांनाच आहे, तेव्हा कुणीही करायला हरकत नाही. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि ‘व्हिसरल मॅनिप्युलेशन’ शिकते आहे. पोटातल्या, ओटीपोटातल्या आणि छातीतल्या अवयवांना जागेवर धरणारे जे पडदे आणि बंध असतात, त्यांच्यावर हलक्या हाताने करायचं हे काम. त्याचं शिक्षण टप्प्याटप्प्याने होतं. सुरुवात पोटापासून, मग ओटीपोट, मग छाती. प्रत्येक टप्पा थोड्या दिवसांत आटोपतो आणि प्रमाणपत्र मिळतं. हात मात्र त्या वेळापत्रकाने तयार होत नाही. तो कशाने तयार होतो, ते आज सावकाश पाहू.

आधी श्वास. तो बदलू नका, जसा चालू आहे तसा चालू द्या. श्वास आत येतो तेव्हा फुप्फुसांखालचं श्वासपटल खाली उतरतं, शांत श्वासात सुमारे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, मोठ्या श्वासात त्याच्या कितीतरी पट. त्याच्याखाली जे जे आहे ते सगळं त्याच्याबरोबर सरकतं. मूत्रपिंडं पाठीला चिकटून स्थिर बसलेली असतात असं आपण धरून चालतो, पण मोठ्या श्वासाबरोबर तीही काही सेंटिमीटर खाली-वर होतात. मिनिटाला चौदा-पंधरा श्वास धरले, तर दिवसाला 20,000 हून जास्त वेळा हे घडतं. तुम्ही झोपेत असता तेव्हाही.

पोट वर येऊन हाताला भेटतं, मग खाली जातं. हाताने काही करायचं नाही.

थोड्या वेळाने हाताला काहीतरी करावंसं वाटू लागेल. जरा दाबून पाहावं, गोल चोळावं, कडक वाटलं तिथे बोट रुतवावं. उपचार करणाऱ्याच्या हातात ही ओढ फार जोराची असते, कारण कॉलेजपासून आपल्याला काहीतरी करण्याचेच गुण मिळाले आहेत. सांधा हलवा, स्नायू ताणा, मशीन लावा. समोर पेशंट झोपलेला असताना नुसतं थांबणं म्हणजे त्याचे पैसे फुकट घेणं, असं वाटायला लागतं. ही ओढ आत्ता तुमच्या हातात असेल तर तिला हाकलू नका. ती आहे, एवढं पाहा. आणखी दहा श्वास हात तसाच राहू द्या.

आता हात उजवीकडे, खालच्या बरगड्यांवर न्या. बोटं बरगड्यांच्या काठाखाली अलगद टेकवा. आत यकृत आहे, मोठ्या माणसात साधारण दीड किलोचं. ते श्वासपटलाला वरून बंधांनी जोडलेलं असतं, त्यामुळे श्वासपटल उतरलं की तेही उतरतं. पोट तपासताना डॉक्टर ‘मोठा श्वास घ्या’ म्हणतात ते याचसाठी. त्यांची बोटं थांबलेली असतात आणि यकृताची कड श्वासाबरोबर खाली येऊन त्यांना लागते. निरोगी माणसात ती लागेलच असं नाही, तुम्हालाही बहुधा लागणार नाही. तरी श्वास घ्या आणि वाट पाहा. बोटांनी आत शिरायचं नाही, जे येईल ते आपणहून बोटांशी येऊ द्यायचं, हा या विद्येतला पहिला धडा आहे. माझ्या मते तो शेवटचाही असावा, पण ते ठरवायला मला अजून वेळ लागेल.

ही पद्धत मांडली ती फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर बाराल यांनी. मूळचे फिजिओथेरपिस्ट, पुढे ऑस्टिओपॅथ झाले. ग्रनोबल शहरातल्या फुप्फुसविकारांच्या रुग्णालयात ते काम करत असत. तिथे त्यांनी मृतदेहांच्या विच्छेदनात आजाराने आणि व्रणांनी आवळलेल्या पेशीजालांच्या ओढी तपासल्या. एक अवयव कुठे अडकला की त्याची ओढ किती लांबपर्यंत पोचते, हे त्यांना पाहायचं होतं. 1983 मध्ये पिएर मर्सिए यांच्याबरोबर त्यांनी या विषयावरचं पहिलं पुस्तक काढलं. या सगळ्याच्या मुळाशी ते स्वतः एक आठवण सांगतात. त्यांच्या एका पेशंटची पाठदुखी थांबली, आणि ती थांबवली होती पोटात काहीतरी ‘ढकलून’ देणाऱ्या एका म्हाताऱ्याने. बाराल यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, त्या पोटाकडे वळून पाहिलं.

आपल्याकडे ही गोष्ट ऐकताना कुणाला नवल वाटणार नाही. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायला जाणारी माणसं प्रत्येक गावात होती, अजूनही आहेत. त्या चोळणाऱ्या बाईच्या हातात वर्षांचा अनुभव असतो हे मी मानते. बेंबी सरकते हे मानत नाही. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवता येतं, आणि ते ठेवायची सवय आत्ताच लावून घ्या. थोड्या वेळाने तिची गरज पडणार आहे.

हात परत मधे आणा. आता डोळ्यांसमोर मेसेंटरी आणायची आहे. लहान आतडं जवळजवळ सहा मीटर लांब, आणि त्याला पाठीकडच्या भिंतीशी जोडणाऱ्या मेसेंटरीच्या पडद्याचं मूळ जेमतेम पंधरा सेंटिमीटर. साडीच्या निऱ्या आठवा. कमरेशी मुठीत मावतील एवढ्या, आणि खाली पायाशी केवढा घेर. हे मूळ बेंबीच्या वर, किंचित डावीकडून सुरू होतं आणि तिरकं उतरत उजव्या कमरेच्या सांध्यापाशी संपतं. बोट न टेकवता, नुसत्या लक्षाने ती तिरकी रेघ वरून खाली काढा. आयर्लंडमधले सर्जन कॅल्विन कॉफी यांनी मेसेंटरी हा तुकड्यातुकड्यांचा पडदा नसून सलग एक अवयव आहे, असं 2016 मध्ये ठामपणे मांडलं. शरीररचनेची पुस्तकं शेकडो वर्षं लिहिली जात असतानाही पोटाच्या मधोमध असलेल्या गोष्टीकडे नव्याने पाहायला जागा होती, याचा मला फार आधार वाटतो.

ही रेघ मनात नीट बसली नसेल तर पोटावर हात ठेवायची घाई करू नका. या शिक्षणातला खरा तास न् तास चालणारा भाग हाच आहे. कोणता अवयव कशाला टांगला आहे, कशावर टेकला आहे, कोणत्या दोन थरांमधे द्रवाची पातळ ओल आहे आणि ते कोणत्या दिशेने घसरतात. चित्र धूसर असेल तर हाताला जे लागतं ते नुसतं मऊ किंवा कडक लागतं, आणि उरलेलं आपण कल्पनेने भरतो.

तुमच्या पोटावर एखादा व्रण असेल, अपेंडिक्सचा, सीझरचा, हर्नियाचा, तर आता हात तिथे न्या. नसेल तर खालच्या पोटावरच ठेवा. ऑपरेशननंतर आतले थर एकमेकांना चिकटून त्यांच्यात चिकटे तयार होणं ही अपवादाची गोष्ट नाही, पोट उघडलेल्या बहुतेक माणसांत ते होतात. अनेकांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. काहींना होतो, आणि कधीकधी त्यांनी आतडं अडकून जिवावर बेततं. 2012 मध्ये जेफ्री बोव्ह आणि सुझन शॅपेल यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात ऑपरेशननंतर लगेच पोटाला हलका मसाज दिल्यावर चिकटे कमी झाल्याचं दिसलं. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या सीझरच्या व्रणाखालचे चिकटे माझ्या हाताने सुटतात, असं मी म्हणू शकते का? नाही. व्रण पुरता भरलेला असेल आणि सर्जनची हरकत नसेल, तर त्वचेखालचे थर सैल होतात, बाईला तिथे हात लावून घ्यायची भीती कमी होते, श्वास खालपर्यंत जातो. एवढं मी पाहिलं आहे आणि एवढंच बोलते. सीझरनंतर कित्येक बायका त्या जागेला वर्षानुवर्षं स्वतःही हात लावत नाहीत. त्या हाताला तिथे नेऊन टेकवणं हेच पुष्कळदा पहिल्या भेटीचं काम असतं.

आता अवघड भाग. हा वगळू नका.

बाराल यांच्या मांडणीत अवयवांना श्वासापलीकडची, त्यांची स्वतःची एक मंद लय असते आणि शिकलेल्या हाताला ती कळते. जठराला आणि आतड्याला विद्युत-लयी आहेत हे शरीरक्रियाशास्त्रही सांगतं. जठराची मिनिटाला साधारण 3, लहान आतड्याच्या सुरुवातीला साधारण 12. पण यकृताची किंवा मूत्रपिंडाची वेगळी लय तळहाताला कळते, हे कुणी समाधानकारक दाखवलेलं नाही. 2018 मध्ये संशोधकांच्या एका गटाने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. दोन उपचारक एकाच पोटावर हात ठेवून एकच निदान करतात का, आणि उपचाराचा खास असा गुण येतो का, हे दोन प्रश्न होते. दोन्हींना भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. हे संशोधक ग्रनोबलचेच, जिथे ही पद्धत घडली त्याच शहरातले. त्याआधी 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले होते. पाठदुखीचे 64 रुग्ण, नेहमीच्या फिजिओथेरपीला काहींसाठी या उपचाराची जोड, बाकीच्यांसाठी नुसत्या लटक्या उपचाराची. सहा आठवड्यांनी वेदनेत फरक नव्हता. वर्षभराने ज्यांना खरा उपचार मिळाला होता त्यांची वेदना काहीशी कमी होती. एवढ्याशा चाचणीवरून होही म्हणता येत नाही आणि विषय मिटवताही येत नाही.

हात पोटावरच असू द्या आणि हे ऐकून आत काय होतं ते पाहा. तुम्ही उपचारक असाल तर कदाचित बचाव सुरू झाला असेल: ‘पण माझ्या पेशंटना बरं वाटतं.’ वाटतं, खरंच आहे. शांत खोली, उबदार हात, घाई न करता ऐकून घेणारं माणूस, मोकळा झालेला श्वास, यांनीही बरं वाटतं. त्यातलं किती तंत्राचं आणि किती या बाकीच्याचं, हे आपल्याला वेगळं करता येत नाही. तुम्ही संशयी असाल तर उलट समाधान वाटलं असेल. त्या समाधानालाही थोडं थांबवा, कारण श्वासाबरोबर यकृत सरकतं, व्रण ओढ देतो आणि श्वासपटलाला चिमटा बसला की दुखणं खांद्यावर उमटतं, या गोष्टी पक्क्या आहेत. खांद्यावरचं ते दुखणं मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूमुळे उमटतं, कुणाच्या श्रद्धेमुळे नाही.

मी शिकणं सोडलं नाही ते यासाठी. शरीररचना रोज थोडी जास्त स्पष्ट होते आणि बोलणं रोज थोडं कमी होतं. ‘तुमचं यकृत अडकलंय’ हे वाक्य मी पेशंटला म्हणत नाही. ते ऐकून गेलेला माणूस घरी जाऊन आपल्या यकृताबद्दल काळजी करत बसतो. ‘इथे हात ठेवल्यावर इथला श्वास उथळ वाटतो, तुम्हालाही तसं जाणवतं का?’ असं विचारते. उत्तर ‘नाही’ आलं तर ते लिहून ठेवते.

हात बेंबीच्या थोडा वर आणा. अंगाने सडपातळ असाल तर इथे ठोका लागेल. ती महाधमनी, कण्याच्या पुढून उतरणारी. ठोका लागणं स्वाभाविक आहे. पण साठीच्या पुढच्या माणसात, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यात, तो ठोका दोन्ही बाजूंना रुंद पसरलेला वाटला, तर हात तिथून काढायचा आणि त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. फुगलेली महाधमनी दाबून पाहायची गोष्ट नव्हे. पोट लाकडासारखं ताठ असेल, दुखण्याबरोबर ताप असेल, शौचातून रक्त जात असेल, वजन विनाकारण उतरत असेल, गरोदरपण असेल, तरीही आधी डॉक्टर. हाताच्या शिक्षणात कुठे हात लावायचा नाही हे शिकायला बाकी सगळ्याइतकाच वेळ द्यावा लागतो, आणि अनेक अभ्यासक्रमांत तो पुरेसा दिला जात नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हात उचला, पण सावकाश. पोटाला कळू दे की तो जातोय. एका कुशीवर वळा आणि मग उठून बसा.

उपचार करणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या पेशंटला साडीची गाठ किंवा सलवारची नाडी सैल करायला सांगण्याआधी, आपण कुठे आणि का हात ठेवणार आहोत ते सांगा, बरोबरच्या माणसाला आत थांबायचं असेल तर थांबू द्या, आणि हो म्हणेपर्यंत वाट पाहा. नको म्हणाली तर तिचाच हात तिच्या पोटावर ठेवायला सांगा. मग पहिले दहा श्वास काहीही करू नका.